पत्रापासून पडद्यापर्यंत : स्वमग्न मुलांच्या पालकांचे शिक्षण

करोनाच्या साथीत २३ मार्च २०२० रोजी मुंबईची उपनगरी रेल्वे सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद झाली. सात महिन्यांनी, २१ ऑक्टोबरपासून, महिलांना ठरावीक वेळांत प्रवासाची मुभा मिळाली. पण नोव्हेंबर संपता संपता त्यांनी लहान मुलांना सोबत आणू नये, असा नियम झाला. साथीच्या दिवसांतल्या शेकडो नियमांपैकी हा एक. आरोग्याच्या दृष्टीने त्याला कारणही होते. मात्र आपल्या स्वमग्न मुलाला घेऊन थेरपीसाठी पनवेलहून मुंबई गाठणाऱ्या आईच्या दृष्टीने त्याचा अर्थ विचित्र होता. तिला गाडीत जागा होती. ज्याच्यासाठी जायचे, त्याला नव्हती. १ फेब्रुवारी २०२१ रोजी गाड्या सर्वांसाठी सुरू झाल्या, तोवर अनेक घरांत थेरपीची जागा फोनच्या पडद्याने घेतली होती. पलीकडे विशेष शिक्षिका, अलीकडे आई, आणि पडद्याकडे ढुंकूनही न पाहणारे तीन-चार वर्षांचे मूल. शिक्षिकेला मुलाशी थेट खेळता येत नव्हते. म्हणून ती आईला शिकवू लागली.

हे शिक्षण साथीने जन्माला घातले, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्याला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे. स्वमग्न मुलाविषयी खरी माहिती कोणाकडे असते, तज्ज्ञाकडे की घरच्यांकडे, या प्रश्नाची उत्तरे त्या इतिहासात वारंवार बदलत गेली. आज पडद्यावरून येणाऱ्या पाठांचे मोल ठरवायचे, तर ती उत्तरे माहीत असलेली बरी.

पनवेलचे अंतर

पनवेलला नगरपालिका आली १८५२ साली. गाव जुने, वाटेवरचे. घाटावरून कोकणात आणि कोकणातून मुंबईला जाणाऱ्यांच्या मुक्कामाचे. सिडकोची स्थापना १९७०ची. नंतर नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहती उभ्या राहिल्या. १९९८मध्ये हार्बर मार्ग पनवेलपर्यंत आला आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका येथे अस्तित्वात आली. २०११च्या जनगणनेनुसार तिच्या हद्दीत पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. त्यानंतरची वाढ कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसते.

अशा शहरात घरे नवी असतात आणि शेजारही नवा असतो. आजी-आजोबा गावी, नवरा दिवसभर नोकरीवर, घरात आई आणि मूल. मूल दोन वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, बोटाने काही दाखवत नाही, खेळण्यातल्या गाडीचे चाक तासन्तास फिरवत बसते, हे लक्षात येते तेव्हा विचारायला जवळ कोणी नसते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा प्रवास सव्वा तासाहून अधिक. ज्याला कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही, त्या मुलाला घेऊन लोकलच्या गर्दीतून जायचे आणि पाऊण तासाच्या थेरपीसाठी अर्धा दिवस घालवायचा. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग, तेही दूरच. राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र खारघरला आहे, ही पनवेलच्या दृष्टीने मोठीच सोय. पण एक केंद्र आणि सतत वाढणारा तालुका, हे गणित जुळणारे नाही.

किती मुलांचा हा प्रश्न आहे? देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी करून केलेला एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाचांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. त्यानुसार स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एक येते. म्हणजे मोठ्या शाळेच्या दर दोन-तीन वर्गांमागे एक मूल. एवढ्या मुलांना पुरतील इतके तज्ज्ञ नाहीत आणि नजीकच्या काळात होण्याची चिन्हेही नाहीत. आईवडिलांना शिकवावे, हा विचार पुढे येण्यामागे ही टंचाई आहेच. पण त्याचे मूळ टंचाईत नाही.

तेहतीस पानांचे पत्र

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे छोटे गाव आहे. तिथले वकील बीमन ट्रिपलेट आणि त्यांची पत्नी मेरी यांचा मुलगा डोनाल्ड इतर मुलांसारखा नव्हता. त्याला गाणी आणि आकडे तोंडपाठ होत. मात्र आई आली काय, गेली काय, त्याला फरक पडत नसे. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन वर्षांच्या डोनाल्डला संस्थेत ठेवले गेले. वर्षभराने आईवडील त्याला घरी घेऊन आले. १९३८मध्ये त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्याकडे जायचे ठरवले. जाण्याआधी वडिलांनी मुलाविषयी जे जे पाहिले होते, ते टंकलिखित तेहतीस पानांच्या पत्रात कळवले.

कॅनर यांनी १९४३मध्ये अकरा मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ तिथून मानतात. त्या निबंधातले पहिले मूल डोनाल्ड, आणि त्याच्या वर्णनाचा बराचसा आधार ते पत्र. म्हणजे या विकाराचे पहिले बारकाईचे निरीक्षण एका बापाने लिहून कळवले होते. कॅनर यांनी त्याचा उपयोग केला. मात्र इतके तपशीलवार लिहिणारे आईवडीलच जरा विचित्र असावेत, असाही त्यांचा सूर होता.

डोनाल्डच्या कथेतला पुढचा भाग पालक-शिक्षणाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. १९४२पासून काही वर्षे तो एका निपुत्रिक शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्या दोघांना मानसशास्त्राचा गंधही नव्हता. मुलाला मोजण्याचे वेड आहे, हे पाहून त्यांनी त्याला विहीर खणायला आणि तिची खोली मोजून सांगायला लावले. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजतो म्हणताच त्यांनी नांगर त्याच्या हाती दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला सांगितले. कॅनर यांनी स्वतः तिथे जाऊन हे पाहिले आणि पुढे कौतुकाने नोंदवले. मुलाच्या ओढीशी भांडण्याऐवजी तिच्याच आधाराने त्याला कामात आणि माणसांत घ्यायचे, हे आजच्या पाठांतले पहिले सूत्र त्या शेतावर आधीच सापडले होते. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली आणि २०२३मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी वारला.

याच १९४३ साली आणखी एक गोष्ट घडली. प्रसिद्ध नट स्पेन्सर ट्रेसी यांच्या पत्नी लुईझ यांचा मुलगा जॉन जन्मतः बहिरा होता. त्याला वाढवताना जे उमगले, त्याच्या आधारे त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये पालकांसाठी केंद्र काढले आणि बहिऱ्या बालकांच्या पालकांसाठी टपालाने चालणारा विनामूल्य अभ्यासक्रम सुरू केला. पाठ घरी येई. आई तो करून पाही आणि काय झाले ते पत्राने कळवी. त्या पत्राला केंद्राकडून उत्तर येई आणि मग पुढचा पाठ. घरबसल्या पालक-प्रशिक्षणाचा हा आजोबाच म्हणायचा. त्याचे बळ पाठांत होतेच, पण ते अधिक त्या उत्तरात होते.

आरोपीच्या पिंजऱ्यात

स्वमग्न मुलांच्या पालकांच्या वाट्याला मात्र उत्तराऐवजी आरोप आला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कॅनर यांनीच या आईवडिलांच्या थंडपणाला शीतकपाटाची उपमा दिली आणि ती जगभर चिकटली. शिकागोतील ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७मध्ये ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात तिचा सिद्धान्त केला. आईने मनातून नाकारलेले मूल स्वतःभोवती तट उभारते, असे त्यांचे म्हणणे. मग उपाय एकच उरे : मुलाला आईवडिलांपासून तोडणे.

शब्दही अशा वेळी साथ देतात. ‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास रूढ केली. ग्रीकमधल्या ‘स्व’ या अर्थाच्या शब्दावरून. मराठीत ‘स्वमग्नता’ हा त्याचा सुबक पर्याय रुळला. पण ‘मग्न’ म्हटले की आपल्याला ध्यानमग्न साधक आठवतो, स्वतःहून आत वळलेला. हे मूल स्वतःहून वळलेले नसते. जगाचे आवाज, उजेड, शर्टाच्या मागची टोचणारी पट्टी, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे झरझर बदलणारे भाव हे सगळे त्याच्यापर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचते. तट कोणी उभारलेला नसतो. वाट वेगळी असते, आणि ती घरच्यांना शिकून घ्यावी लागते.

आरोपाला पहिले सणसणीत उत्तर एका बापानेच दिले. अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४च्या आपल्या ग्रंथात, कारण आईच्या वागण्यात नसून मुलाच्या मेंदूच्या घडणीत आहे, असे पुराव्यानिशी मांडले. त्या ग्रंथाला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. १९६५मध्ये तिथल्या पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. इंग्लंडमध्ये ती १९६२मध्येच झाली होती. बेटलहाइम यांचा ग्रंथ आला त्याच १९६७ साली क्लारा क्लेबोर्न पार्क या आईने आपल्या मुलीच्या वाढीची हकीकत ‘द सीज’ या नावाने प्रसिद्ध केली. एकाच वर्षी एका तज्ज्ञाचे आरोपपत्र आणि एका आईची साक्ष. १९६९मध्ये पालकांच्या संघटनेच्या सभेत कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले. पंचवीस वर्षांत ज्या आयांनी स्वतःला अपराधी मानले, त्यांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

काचेपलीकडून

दोषमुक्तीनंतर पुढची पायरी सहकार्याची. एरिक शॉपलर यांनी शिकागोत शिकत असताना बेटलहाइम यांचे विचार जवळून पाहिले होते आणि ते त्यांना पटले नव्हते. नॉर्थ कॅरोलिनात रॉबर्ट रायक्लर यांच्याबरोबर त्यांनी उलटा प्रयोग केला. खोलीत थेरपिस्ट मुलाबरोबर काम करी आणि एका बाजूने दिसणाऱ्या काचेमागून आईवडील पाहत. मग जागा बदलत. आई मुलाबरोबर बसे आणि थेरपिस्ट काचेमागे जाई. पालक हे सहउपचारक, ही संज्ञा त्यांनी १९७१मध्ये वापरली. १९७२मध्ये हा उपक्रम राज्य सरकारने राज्यभर लागू केला. आजच्या पडद्याची पूर्वज ती काच. तिची खुबी अशी की दोन्ही बाजूंनी पाहण्याची पाळी येत असे.

कॅलिफोर्नियात इवार लोवास यांनी वागणुकीचे लहान लहान तुकडे करून शिकवण्याची पद्धत बसवली. तिच्या आरंभीच्या रूपात शिक्षाही होत्या, त्यांच्यावर पुढे योग्यच टीका झाली. पण १९७३च्या त्यांच्या पाहणीतला एक निष्कर्ष कोणालाही डावलता आला नाही. उपचार संपल्यावर जी मुले संस्थेत गेली, ती शिकलेले विसरली. ज्यांच्या आईवडिलांना शिकवले होते, त्यांच्याकडची मुले टिकून राहिली किंवा पुढे गेली. घराला वगळून केलेले काम घराबाहेरच राहते, हे त्यातून उघड झाले.

तिसरी बाजू मांडली गेली ती १९९३मध्ये, टोरंटोच्या परिषदेत. जिम सिंक्लेअर या स्वतः स्वमग्न असलेल्या व्यक्तीने पालकांना विनवले की, जे मूल तुम्हाला हवे होते त्याचा शोक आमच्या अस्तित्वावर लादू नका. जे मूल समोर आहे त्याला भेटा. पालकांना शिकवायचे ते कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येईनासा झाला. मुलाला ‘नॉर्मल’ दिसायला लावण्यासाठी, की मूल आणि घर यांना एकमेकांची भाषा यावी म्हणून?

अंगणात आलेली शाळा

आपल्याकडे पालकांना शिकवण्याचा विचार अपंगत्वाच्या वाटेने आला नाही. तो बालशिक्षणाच्या वाटेने आला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३३पासून ताराबाई मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवू लागल्या. मुलाला मारू नये, त्याच्या खेळाकडे काम म्हणून पाहावे, हे त्या मासिकातून मराठी घरांत पोहोचले. टपालाने येणारे पालक-शिक्षणच ते. पण छापील शब्द साक्षर, मध्यमवर्गीय घरांतच पोचतो, हेही ताराबाईंना उमगले. १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी वस्तीच्या अंगणातच वर्ग भरवले. १९५७मध्ये हे काम कोसबाडला गेले. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला आणि १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजनेबरोबर देशभर झाला.

अपंग मुलांच्या बाबतीत आरंभ पुन्हा आईवडिलांनीच केला. मुंबईत होरमसजी आणि जेरबानू वकील यांनी १९४४मध्ये आपल्या मुलीसाठी सुरू केलेल्या वर्गातून आजची जय वकील शाळा उभी राहिली. मनोविकारांच्या क्षेत्रात अमृतसरचे डॉ. विद्यासागर यांनी पन्नाशीच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि शुश्रूषेत सामील करून घेतले. वेल्लोरच्या केंद्रात १९५७पासून तीच रीत पडली. शिकागोत मुलाला आईपासून तोडणे हा उपचार ठरत होता, त्याच काळात अमृतसरात घरची माणसे उपचाराचा भाग झाली होती. डॉक्टर थोडे होते हे कारण खरेच. तरी त्यातून लागलेला शोध कारणापेक्षा मोठा होता. १९८४मध्ये सिकंदराबादला राष्ट्रीय मनोविकलांग संस्था स्थापन झाली, तिच्या आवारातही परगावच्या कुटुंबांना काही दिवस राहून शिकता यावे म्हणून छोटी घरे बांधली गेली. खारघरचे केंद्र याच संस्थेचे. २०१६मध्ये तिचे नाव बदलले.

स्वमग्नतेला मात्र आपल्याकडे वेगळी ओळख उशिरा मिळाली. अनेक वर्षे ही मुले ‘मतिमंद’ या एकाच शब्दात गेली. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने अशा मुलाच्या आईवडिलांची ओढाताण मराठी रंगभूमीवर आणली. आपल्यामागे याचे काय, हा प्रश्न त्या नाटकामुळे हजारो प्रेक्षकांनी घरी नेला. १९९१मध्ये दिल्लीत मेरी बरुआ या आईने ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. आई आणि मूल यांनी मिळून काही आठवडे शिकायचे, असा वर्ग तिथे चालू झाला. दूरदूरच्या गावांहून पालक दिल्लीत खोली घेऊन राहू लागले. मुंबईत २००१मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र काढले. कायदाही हळूहळू हलला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत पक्के झाले. २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातल्या विलंबाची तपासणी आली. निदानाची दारे अशी थोडी उघडली. निदानानंतर घरी जाऊन काय करायचे, हा प्रश्न उरलाच.

गोव्यातला प्रयोग

या प्रश्नाला मोजून-मापून दिलेले उत्तर पनवेलहून गोव्याला जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मिळाले. इंग्लंडमध्ये जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १५२ मुलांवर एक पद्धत पडताळून २०१०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. आई आणि मूल यांच्या खेळाचे चित्रीकरण करायचे आणि थेरपिस्टने आईबरोबर बसून ते पाहायचे. मुलाने केलेला बारीकसा इशारा आईने कुठे ओळखला, कुठे निसटला, हे तिला स्वतःलाच दिसते. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने, गौरी दिवाण आणि विक्रम पटेल यांच्या सहभागाने, आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांनी ही पद्धत आपल्याकडच्या घरांसाठी बेतली. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, खास तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. बैठका बारा. २ ते ९ वर्षांची ६५ मुले. दोन शेजारी देशांचा असा सामाईक उपक्रम दुर्मीळच.

निष्कर्ष २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. शिकलेले पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. एका बाबतीत मात्र उलटे घडले : दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ घटला. संशोधकांनी तेही लपवले नाही. चमत्काराची भाषा या क्षेत्रात बोकाळलेली असताना ही प्रांजळ नोंद महत्त्वाची वाटते.

प्रत्यक्षात आई शिकते काय? आपले बोलणे कमी करायला. मूल बोलत नाही म्हणून घाबरलेली आई प्रश्नांचा मारा करते : हा रंग कोणता, हे काय, मला सांग ना. पाठ सांगतो, थांब. मनात दहा अंक मोज. मूल ज्याकडे पाहत आहे, त्याकडे तूही पाहा आणि त्याला लागणारा एकच शब्द म्हण. बिस्किटाचा डबा दिसेल असा ठेव, पण झाकण घट्ट लाव. म्हणजे मागण्यासाठी त्याला तुझ्याकडे यावे लागेल. पोळ्या लाटताना एक गोळा त्याच्या हाती दे. या गोष्टी सोप्या वाटतात. पण दिवसभराच्या कामाच्या रेट्यात दहा अंक मोजून थांबणे किती कठीण असते, ते ज्याने केले त्यालाच कळते. म्हणूनच ‘तू कालच्यापेक्षा आज दोनदा थांबलीस’ असे सांगणारे कोणीतरी लागते.

पडदा आणि उत्तर

देशभर टाळेबंदी लागली, त्याच २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जाहीर केली. एप्रिल २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठीचा विनामूल्य अभ्यासक्रम इंटरनेटवर खुला केला. विकासात मागे पडलेल्या किंवा स्वमग्न अशा २ ते ९ वयाच्या मुलांच्या पालकांसाठी तो आहे. त्याचे मूळ रूप नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी असे होते. गटात दुसऱ्या आया भेटत, गृहभेटीत कोणीतरी आपले स्वयंपाकघर पाहत असे. इंटरनेटवरच्या रूपात पाठ सगळे आले. बैठक आणि भेट मात्र आपोआप येत नाहीत.

इतिहासाचा निर्वाळा इथे उपयोगी पडतो. लुईझ ट्रेसींच्या अभ्यासक्रमात टपालाने उत्तर येत होते. शॉपलर काचेमागून बाहेर येऊन बोलत. ताराबाई छापील मासिकावर न थांबता अंगणात गेल्या. गोव्यात कार्यकर्ती आईच्या शेजारी बसली. जे उपक्रम टिकले, त्यांत माध्यम कोणतेही असो, दुसऱ्या टोकाला एक माणूस होता आणि तो त्या विशिष्ट मुलाविषयी उत्तर देत होता. नुसते मुद्रित पाठ पाहून संपवणारी आई पुन्हा एकटी पडते. आणि मूल बोलले नाही तर तिला वाटते, आपणच नीट केले नाही. शीतकपाटाचा जुना आरोप अशा वेळी नव्या, गोड आवाजात परत येतो. पूर्वी आईने मूल बिघडवले असे म्हणत. आता आईने पुरेसे शिकवले नाही असे म्हणतील.

धोका दुसराही आहे. पालक शिकले की सरकारचे काम संपले, असा हिशेब करणे सोयीचे असते. पालक म्हणजे बहुतेक घरांत आईच. तिची नोकरी सुटते, झोप उडते, आणि त्यावर अभ्यासाचा भार. शिवाय पडदा सर्वांच्या हाती सारखा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ३८ टक्के स्त्रियांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुषांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर होते. खारघरच्या इमारतीतली आई रात्री मूल झोपल्यावर पाठ पाहू शकेल. पनवेल तालुक्यातल्याच एखाद्या आदिवासी वाडीवर, जिथे घरात एकच फोन आणि तो बापाच्या खिशात, तिथे विनामूल्य या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

तरीही पडद्याला नाकारणे शहाणपणाचे नाही. सव्वा तासाचा प्रवास वाचवणे, तज्ज्ञाचा शब्द घरात आणणे, वडिलांना आणि आजी-आजोबांनाही त्याच पाठाला बसवणे, ही कामे तो करू शकतो. फक्त त्याला जवळचे टोक हवे. ते टोक आपल्याकडे नाव-गावासकट उपलब्ध आहे. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाड्यांची कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळख, सर्वांसोबत शिक्षण आणि पुढे पाठवणी ही तिची अंगे. अंगणवाडीताईला पाठ आधी शिकवावेत, तिने आईसोबत बसून फोनवर ते पाहावेत, तिला अडले तर तिने खारघरच्या केंद्राला विचारावे, आणि केंद्राने ठरलेल्या दिवशी उत्तर द्यावे, एवढी साखळी जुळली तरी पनवेलसारख्या तालुक्यात पुष्कळ होईल. त्यासाठी ताईचे मानधन, तिच्यावरची इतर कामे आणि केंद्रातली माणसे यांचा विचार करावा लागेल. तो खर्चाचा विषय आहे, आणि तो आईच्या खात्यावर टाकता कामा नये.

बीमन ट्रिपलेट यांनी तेहतीस पाने लिहिली, कारण घरात जे दिसत होते ते कोणीतरी नीट वाचावे, असे त्यांना वाटले. आज तसे पत्र कोणी लिहीत नाही. एखादी आई मुलाच्या खेळाचे दोन मिनिटांचे चित्रण पाठवते आणि त्याखाली विचारते, हे बरोबर चालले आहे का? ऐंशी वर्षांत माध्यम बदलले, प्रश्न तोच राहिला. त्याला उत्तर देणारे माणूस नेमणे, हे आता आपले काम आहे.